हलकी सपाट पायडलं: विकत घ्यावी की लेथवर बनवावी?

परतवाडा_एक्स्प्रेस
राम राम मंडळी. सायकल विभागात माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

माझ्याकडे 29 इंची हार्डटेल एमटीबी आहे, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल. सोबत आलेली पायडलं आता कामातून गेली. उजव्याचा खुळखुळा झालाय आणि डावं फिरतं, पण त्याच्या मर्जीनं. माझं फिरणं म्हणजे परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याचा घाट, आणि परतीला डांबर सोडून पांदणीचे रस्ते. वर मुरूम आणि सुटे दगड, खाली आलं की काळी माती. पायडलात अडकणारे क्लिपवाले बूट नकोत, कारण चिखलात कधी पाय टेकावा लागेल याचा नेम नाही.

तर सपाट पायडलं घ्यायची आहेत. हलकी, पातळ आणि ऐसपैस. बाहेरच्या चांगल्या जोड्यांच्या किमती पाहिल्या तर त्यात एखादी जुनी सायकल येईल. माझा एक वर्गमित्र अमरावती एमआयडीसीत आहे, त्याच्याकडे व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आणि लेथ दोन्ही आहे. तो म्हणतो, "डिझाइन दे, मी कापून देतो." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

अॅल्युमिनियम घ्यावं की नायलॉन? आस, म्हणजे क्रँकच्या दांडीत पेचतो तो मधला दांडा, टायटॅनियमचा करावा का? बेरिंग कोणती? पकडीच्या पिना किती? माझं वजन 84 किलो आहे, हेही सांगून ठेवतो.

काहूनबे
पायडल हलकं करून का करतं भाऊ? महिनाभर सावजी बंद कर, पोटच हलकं होते. फुकटात.

सिंहगड_रोड
छान विषय. सपाटच हवी असतील तर टायटॅनियम आस आणि सीएनसी अॅल्युमिनियम बॉडी, दुसरा विचारच करू नका. तीनशे ग्रॅमच्या आत जोडी येते. मी स्वतः क्लिप वापरतो. एकदा सवय झाली की सपाट पॅडलवर परत जाववत नाही. सपाट म्हणजे शिकाऊ लोकांसाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोहफूल
सिंहगडदादा, तुमचं मत स्पष्ट आहे एवढं मान्य. डाउनहिलच्या विश्वचषक शर्यती सपाट पॅडलवर जिंकलेल्या आहेत. त्या जिंकणाऱ्या सॅम हिलला शिकाऊ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

मी धारणीकडे शाळेवर आहे, गणित शिकवते. म्हणून आधी हिशेब. समजा नव्या पॅडलांनी 100 ग्रॅम वाचले. एक्स्प्रेसभाऊ, सायकल, पाणी, दप्तर धरून एकूण 100 किलोच्या आसपास. म्हणजे वाचलं एक हजारांश. चढावर वेग जवळजवळ वजनाच्या हिशेबात चालतो, तेव्हा चिखलदऱ्याला वर जायला दोन तास लागत असतील तर वाचतील सात सेकंद. वर पोचल्यावर हेल्मेट काढायलाच त्याहून जास्त वेळ जातो.

फिरणाऱ्या भागाचं वजन दुप्पट जाणवतं असंही कोणी म्हणेल. ते टायर आणि रिमबद्दल. पॅडल 170 मिमीच्या क्रँकवर मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा-दीड मीटर. त्याचा हिशेबात धरण्याजोगा परिणाम होत नाही.

परतवाडा_एक्स्प्रेस
ताई, सात सेकंद वाचून पोटात खड्डा पडला. पण हौसेला मोल नसतं ना.

मोहफूल
हौस करा की, त्याला ना नाही. पण हलकेपणा हौसेच्या खात्यात मांडा, वेगाच्या नको. म्हणजे तो कुठून काढायचा हे शांत डोक्यानं ठरवता येईल.

लेथमास्तर
धागा आवडला. मी हिंगण्याला लेथ-मिलिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पायडलमध्ये वजन कुठं असतं ते आधी बघा. स्टीलचा आस साधारण 80-90 ग्रॅम, म्हणजे जोडीचे पावणेदोनशेच्या घरात. दोन्ही बॉड्या मिळून तेवढ्याच किंवा थोड्या जास्त. पिना एम4 च्या, दोन्ही पायडलं धरून चाळीस असल्या तर पंचवीस-तीस ग्रॅम. बाकी बेरिंग, नट, सील. टायटॅनियमची घनता 4.4, स्टीलची 7.85. म्हणजे त्याच मापाचा आस टायटॅनियमचा केला तर जोडीमागे 70-80 ग्रॅम वाचतात. एवढ्या एका बदलात एवढं वजन दुसरीकडे कुठं निघत नाही, म्हणून सगळे आधी तिकडे धावतात.

आता त्या आसावर काय गुजरतं ते बघा. पाय जिथं टेकतो तो मध्य क्रँकपासून साधारण 60 मिमी लांब. तुमचं 84 आणि बूट-पिशवी धरून 90 किलो एका पायावर उभं राहिलं तर आसाच्या मुळाशी 54 न्यूटन-मीटरचा बाक येतो. मुळाशी व्यास 14 मिमी असेल तर ताण सुमारे 200 मेगापास्कल. एखाद्या बांधावरून उडी मारून उतरलात की तिप्पट धरा, 600. चांगला हीट ट्रीटमेंट केलेला क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद) हे आरामात झेलतो. ग्रेड 5 टायटॅनियमसुद्धा झेलतं, त्याची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागतं तो ताण, 830-880 च्या आसपास असते.

पण लोक इथं थांबत नाहीत. पायडल पातळ करायचं म्हणून आस बारीक करतात. ताण व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. 14 चा 12 केलात तर तोच ताण 1.6 पट होतो, 600 चे साडेनऊशे. आता बोला. टायटॅनियम गेलं, आणि साध्या ईएन 8 पोलादाचा आस तर त्याच्या कितीतरी आधी वाकलेला. म्हणून बऱ्याच कंपन्या टायटॅनियम आसाच्या पायडलांवर स्वाराच्या वजनाची मर्यादा लिहितात. ती बारीक अक्षरात असते.

माझं म्हणणं थोडक्यात: हलकेपणा बॉडीतून काढा, आसातून काढू नका. बॉडीचा कोपरा तुटला तर पाय घसरतो. आस तुटला तर उतारावर माणूस तोंडावर जातो.

काहूनबे
मास्तर, कीचकाले भीमानं दरीत फेकलं थे चिखलदऱ्यातच ना. एक्स्प्रेसले आता आसच फेकते वाट्टे.

गोंद्या_गोंदियाचा
+१ मास्तर. वाचनखूण साठवली.

सिंहगड_रोड
लेथमास्तर, आकडे बरोबर असतील, पण माझ्या टायटॅनियम आसाला इतक्या दिवसांत काहीही झालेलं नाही.

लेथमास्तर
सिंहगडदादा, क्लिपमध्ये पाय क्रँकच्या जवळ आणि एकाच ठिकाणी बसतो. सपाट पायडलावर तो बाहेरच्या कडेलाही पडतो, तिथं भुजा लांब होते. आणि टायटॅनियम वाईट नाही म्हटलं मी, बारीक केलेलं वाईट. शिवाय त्याचा ताठपणा स्टीलच्या निम्म्याहून थोडा जास्त, तेव्हा लवचिकपणा येतोच. लवला की बाहेरच्या बेरिंगवर तिरका भार येतो.

डॉक्टर_चपला
पुसदला दवाखाना चालवतो आणि पहाटे सायकल. पिनांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून बोलतो.

सपाट पॅडलची पकड पिनांवर असते. 4-5 मिमी बाहेर आलेल्या पिना रबरी तळव्यात घुसतात आणि पाय हलत नाही. आणि पाय सुटला की त्याच पिना नडगीवर येतात. नडगीवर मांस नसतं, कातडीखाली थेट हाड. जखम लांब, दातेरी आणि मातीनं भरलेली. असे रुग्ण मी शिवले आहेत. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी घेतलेलं असू द्या. जखम आधी वाहत्या पाण्यानं साबण लावून धुवा, हळद भरून दवाखान्यात येऊ नका, ती काढण्यातच माझा अर्धा तास जातो.

नवशिक्यांनी पुढच्या-मागच्या कडेला लांब पिना आणि मधे आखूड असं ठेवावं. फुटबॉलचे शिनगार्ड स्वस्त मिळतात, त्यात लाज कसली.

काहूनबे
डॉक्टरसाहेब, क्रिकेटचे प्याड चालते का? घरी पडून हायेत.

डॉक्टर_चपला
चालतील. पण मग लोक तुमची विकेट काढतील.

कापूसकोंडी
पांढरकवड्याजवळ शेती आहे, टिपेश्वरच्या अलीकडे. काळ्या मातीचा अनुभव सांगते, कारण मास्तर कोरड्या लेथवर आहेत.

पाऊस पडून गेल्यावर पांदणीतून सायकल काढा. आमच्या रेगूर मातीत जी चिकणमाती आहे ती पाणी पिऊन फुगते, मग टायरला, ब्रेकला, काट्यात, सगळीकडे गच्च बसते. बुटाच्या तळव्याला दोन बोटं जाडीचा थर. आता सांगा, तुमच्या पिना शिरणार कशात? पिना आणि रबर यांच्यात माती. ऑक्टोबरात तीच माती वाळून दगड होते, मग ती पॅडलच्या खिडक्यांतून स्क्रूड्रायव्हरनं टोकरून काढावी लागते.

माझ्या दोन जोड्या झाल्या. पहिलीच्या बॉडीत बारीक बारीक नक्षीदार खिडक्या होत्या, वजन वाचवायला म्हणून. त्या सगळ्या मातीनं बुजल्या आणि वाचलेलं वजन व्याजासकट परत आलं. दुसरीत मोठ्या मोकळ्या जागा आहेत, आसाच्या दोन्ही बाजूंना अंगठा जाईल एवढ्या. पाय दाबला की माती खालून गळून पडते. म्हणून डिझाइन करताना छिद्रं लहान-लहान न देता थोडी आणि मोठी द्या.

आणि हो, मास्तरांच्या "बॉडीतून काढा" ला माझं अनुमोदन, फक्त पाऊस लक्षात ठेवून काढा.

लेथमास्तर
कापूसकोंडीताई, कोरड्या लेथवर कुठं, कूलंटमध्ये भिजलेला असतो. पण मुद्दा शंभर टक्के खरा. मोठ्या खिडक्या कापायलाही सोप्या पडतात, जाड कटर चालतो.

एक्स्प्रेसभाऊ, मित्राला आधी हे सांगा: 100 बाय 100 बाय 18 मिमीचा 6061 अॅल्युमिनियमचा ठोकळा म्हणजे 486 ग्रॅम. त्यातून 110-120 ग्रॅमची बॉडी काढायची. तीन चतुर्थांश माल भुसा होऊन ट्रेमध्ये पडणार. तुमचा मित्र दोस्तीखातर करेल, पण मशीनच्या तासाचा हिशेब केला तर विकतचं पायडल महाग का असतं ते कळेल. आणि भंगारातला "अॅल्युमिनियमच आहे" म्हणून मिळालेला तुकडा वापरू नका. टी6 टेंपरची, म्हणजे हीट ट्रीटमेंटनं कडक केलेली, पट्टी बिलासकट घ्या.

निवृत्त_पोस्टमन
सर्वांना नमस्कार. आम्ही हर्क्युलिसवर टपाल वाटलं, रबरी ठोकळ्यांच्या पायडलांवर. खाली दुहेरी चप्पल. सुटे छर्रे, कोन आणि कप. दर पावसाळ्याच्या शेवटी खोलायचं, घासलेटमध्ये धुवायचं, नवे छर्रे, नवं ग्रीस. छर्रा एखादा मातीत हरवायचा तर संध्याकाळपर्यंत शोधत बसायचं. आताच्या मुलांना ते नको. सीलबंद बेरिंग म्हणजे खोलायचं नाही आणि गेलं की फेकायचं. वजनाचा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही, कारण सायकलच वीस किलोची होती आणि पिशवी वेगळी.

परतवाडा_एक्स्प्रेस
पोस्टमनकाका, दंडवत. त्याच बेरिंगवर अडलोय मी. आमच्या इथं मोटार वाइंडिंगच्या दुकानात बेरिंग मागायला गेलो तर त्यानं 608 काढून दिली. म्हणाला, पंख्यात, मिक्सरमध्ये, स्केटिंगच्या चाकात, सगळीकडे हीच. ती बसवली तर चालेल का?

लेथमास्तर
608 म्हणजे आतून 8, बाहेरून 22, रुंदी 7. वर-खाली दोन-दोन मिमीची भिंत धरली तर तिथंच 26 मिमी जाडी झाली. पातळ पायडल गेलं उडत.

पातळ हवं तर तीन वाटा. 688, म्हणजे 8 बाय 16 बाय 5. नीडल बेरिंग (छर्ऱ्यांऐवजी बारीक रोलरचं), एचके 0810, बाहेरून फक्त 12. नाहीतर पॉलिमरचं बुश, म्हणजे बिनछर्ऱ्यांची नळी, ते त्याहून पातळ. बाजारातली बरीच पायडलं बाहेरच्या टोकाला लहान बेरिंग आणि क्रँकच्या बाजूला बुश किंवा नीडल असा संसार करतात.

पण नीडलला एक अट आहे. तिच्यात आतली रिंग नसते, रोलर थेट आसावर पळतात. आस तिथं 58 एचआरसीच्या (कडकपणाचं माप) वर कडक आणि ग्राइंड केलेला हवा. लेथवरून काढलेला मऊ आस नीडलमध्ये घातला तर थोड्याच दिवसांत त्यावर चरे पडतात आणि पायडल डुगडुगायला लागतं. तुमच्या मित्राकडे ग्राइंडर आणि हीट ट्रीटमेंटची सोय आहे का?

परतवाडा_एक्स्प्रेस
ग्राइंडर नाही. हीट ट्रीटमेंट बाहेरून करून आणतो म्हणे.

कापूसकोंडी
बुशचं सांगते. कोरड्यात उत्तम, आवाज नाही, वजन नाही. पण सीलमधून मातीचं पाणी आत गेलं की ती पेस्ट होते आणि बुश घासत जातं. चांगली गोष्ट ही की बुश बदलायला स्वस्त. पावसाळ्याआधी एक जोडी घरात आणून ठेवायची, तुरीच्या बियाण्यासारखी.

निवृत्त_पोस्टमन
ग्रीस कोणतं वापरता?

लेथमास्तर
काका, साधं लिथियम ग्रीस चालतं, पण भरपूर. पावसात फिरणाऱ्यांनी पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस घ्यावं. सीलच्या मागे रिकामी जागा ठेवूच नका, जिथं ग्रीस नाही तिथं पाणी जातं. डीएमआर कंपनीच्या जुन्या व्ही8 पायडलांना ग्रीस भरायचं छिद्र असतं, पिचकारीनं नवं भरलं की जुनं घाण घेऊन बाहेर येतं. शिमानो अजूनही सपाट पायडलांत तुमचेच सुटे छर्रे आणि कोन वापरते. जड असतात, पण पाना फिरवून खेळ काढता येतो. तुमची पिढी चुकीची नव्हती.

निवृत्त_पोस्टमन
हे वाचून बरं वाटलं.

गोंद्या_गोंदियाचा
थोडं अवांतर. मेळघाटात सायकलवर अस्वल आलं तर काय करायचं? आमच्या नागझिऱ्याच्या बाजूला मोहाच्या दिवसांत पहाटे रस्त्यावरच बसलेलं असते.

काहूनबे
पायडल मारायचं. हलकं असो का जड असो, तवा सारखंच लागते.

मोहफूल
गोंद्याभाऊ, थांबायचं, मोठ्यानं बोलायचं आणि सावकाश मागे व्हायचं. अस्वलाला नीट दिसत नाही, अचानक समोर आलात की ते अंगावर येतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलातून सायकल नकोच. आणि गाभा क्षेत्रात सायकल नेऊ नका. चिखलदऱ्याचा डांबरी रस्ता सार्वजनिक आहे, आतल्या वाटांचं वनखात्याला विचारा.

मंडळ_नियंत्रक
अस्वलासाठी वेगळा धागा काढावा. इथे पॅडलवर बोलू या.

काहूनबे
अस्वलाले पायडल देल्लं तर दोन्ही विषय एकत्र होतीन.

मोहफूल
मूळ प्रश्नाकडे. नायलॉनला कोणी वाली दिसत नाही म्हणून मी उभी राहते.

माझी काच भरलेल्या नायलॉनची आहेत, आस क्रोमोली. आमच्या गावच्या सोनाराच्या काट्यावर ठेवली तर जोडी साडेतीनशेच्या आसपास भरली. काटा बघून तो म्हणाला, "बाई, तुळशीची माळ तरी आणायची." नायलॉनची घनता 1.35 च्या जवळपास, अॅल्युमिनियमची 2.7. म्हणजे निम्मी. ताकद कमी म्हणून ते जाड करावं लागतं, तरीही टायटॅनियमशिवाय त्याच वजनात बसतं आणि किंमत कितीतरी कमी.

आणि एक गोष्ट अॅल्युमिनियमवाले सांगत नाहीत. दगडावर आपटलं की अॅल्युमिनियम दगडाला चावतं आणि सायकल अडकते. नायलॉन घसरून पुढे जातं. सेमाडोहकडच्या उतारावर बेसाल्टच्या धारदार कपच्या असतात, तिथं हे फार जाणवतं. माझ्या पॅडलांच्या कडा कुत्र्यानं चावल्यासारख्या झाल्यात, पण चालतात.

सिंहगड_रोड
पण नायलॉनमध्ये पिना उपटून येतात ना?

मोहफूल
थेट नायलॉनमध्ये आटे पाडलेले असतील तर येतात. आरपार बोल्ट आणि दुसऱ्या बाजूनं नट असेल तर नाही येत. घेताना उलटं करून बघायचं. पिना मागून बसवलेल्या असल्या तर दगडानं वरचं टोक चेपलं तरी खालून एलन की लागते. वरून बसवलेल्या बारीक ग्रब स्क्रूचं तोंड एकदा बुजलं की ड्रिलच मारावा लागतो.

डॉक्टर_चपला
आणि मोहफूलताईंच्या पॅडलवर उन्हात अनवाणी पाय ठेवता येतो. मे महिन्यात आमच्याकडे 45 च्या वर पारा जातो. काळं अॅल्युमिनियम तासभर उन्हात उभं राहिलं तर चप्पल काढून पाय ठेवणाऱ्याला फोड येतात. मुलांच्या सायकलींत पाहिलंय.

कापूसकोंडी
डॉक्टर, तुमचं नाव चपला आणि तुम्हीच सांगताय चप्पल काढू नका. बरं, पातळपणाचा एवढा सोस का? पॅडल दगडाला लागू नये म्हणूनच ना?

लेथमास्तर
त्यासाठी आणि पाय आसाच्या जवळ राहावा म्हणूनही. पाय आसाच्या जितका जवळ तितकं पायडल पायाखाली उलटायला कमी बघतं. पण दगडाचाच हिशेब केला तर 18 मिमीचं 12 केल्यानं खाली फक्त 3 मिमी वाचतात, कारण निम्मी जाडी आसाच्या वर असते. तीच क्रँक 175 ची 165 केली तर 10 मिमी वाचतात.

आकाराचंही सांगतो. पायाला खोलगट जागा लागते, पुढची-मागची कड मधल्यापेक्षा दीड-दोन मिमी वर. अडचण अशी की मधेच आसाचा बोगदा असतो, सगळ्यात जाड भाग तोच. पातळ करायच्या नादात बॉडी उलटी फुगीर होते आणि पाय कासवाच्या पाठीवर ठेवल्यासारखा डुलतो. उपाय साधा, बोगद्यावर पिना देऊच नका किंवा अगदी बुटक्या द्या, कडांना पूर्ण उंचीच्या द्या. म्हणजे बॉडी सपाट असली तरी पायाला खोलगट लागते. पुढची खालची कड 45 अंशात उतरवा, दगड आला तर वर सरकेल.

सिंहगड_रोड
हे मात्र पटलं. आणि बुटांचं काय? फाइव्ह टेन घ्या, आदिदासनं 2011 मध्ये ती कंपनी विकत घेतली. त्यांचं रबर मऊ आहे, पिना रुतून बसतात. साध्या धावण्याच्या बुटांत उंचवटे पिनांच्या मधे येतात आणि सगळी पकड वाया.

मोहफूल
सिंहगडदादा, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. फक्त ज्याला ते परवडत नाहीत त्यानं सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट घ्यावेत. पिना मऊ रबरात छान बसतात. तळवा लवतो म्हणून लांब अंतरावर पाय दुखतो, तेवढं सोसायचं.

परतवाडा_एक्स्प्रेस
मंडळी, तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांवर काम केलंय.

बुटाच्या तळव्याला ओला खडू फासला आणि प्लायवूडच्या तुकड्यावर, सायकलवर उभं राहतो तसा गुडघे वाकवून उभा राहिलो. चवड्याखाली दाब सगळ्यात जास्त, तिथं खडू पूर्ण उतरला. आतल्या कमानीपाशी काहीच नाही. त्या ठशावर चौकटी आखून पाहिल्या. 100 ची चौकट माझ्या 9 नंबरच्या बुटाला बाहेरच्या बाजूनं अपुरी, 105 रुंद आणि 102 लांब बरोबर बसते. मग त्याच मापाचे प्लायवूडचे दोन तुकडे कापून जुन्या पायडलांवर तारेनं बांधले आणि गावात चक्कर मारली. लोक हसले, पण माप पक्कं झालं.

मित्र म्हणतो बॉडी करतो, आसाची खात्री देत नाही. डाव्या आसाला उलटे आटे काढायचे, वर हीट ट्रीटमेंटनंतर आस वाकला तर सरळ करायचा, हे त्याला नको वाटतं.

लेथमास्तर
तुमचा मित्र शहाणा आहे. आस बनवूच नका. कंपन्या सुटे आस आणि बेरिंगचे संच विकतात, तैवानच्या पायडल कंपन्यांचेही मिळतात. क्रोमोलीचा संच आधी हातात घ्या, व्हर्नियरनं मापं घ्या, मग त्याच्याभोवती बॉडी काढा. आधी बॉडी काढून मग आस शोधायला निघालात तर काही खरं नाही. आटे सगळीकडे 9/16 इंच, इंचाला 20. बारक्या मुलांच्या अखंड क्रँकला मात्र 1/2 इंच असतं, ते चुकून मागवू नका. आणि बॉडीत जिथं जिथं आतला कोपरा येतो तिथं निदान 2 मिमीची गोलाई द्या. चौकोनी कोपऱ्यापासून चीर सुरू होते. अॅल्युमिनियम एका झटक्यात तुटत नाही, रोज थोडं थोडं थकतं आणि सांगत नाही.

कापूसकोंडी
आणि तोवर काय वापरणार? सोयाबीन निघेस्तोवर चिखल आहे.

परतवाडा_एक्स्प्रेस
ताई, मोहफूलताईंसारखी नायलॉनची मागवली. बॉडी दिवाळीनंतर, कोरडं झालं की. त्या नायलॉनच्या आसाचा संच सुटा मिळतो हे पाहूनच घेतली, म्हणजे उद्या त्याच आसावर आपली बॉडी चढवता येईल.

मोहफूल
हुशार. वजन कळवा. सोनाराकडे जाणार असाल तर माळ घेऊन जा.

सिंहगड_रोड
भाऊ, तुमची बॉडी झाली की एक जोडी मलाही करून पाठवाल का? पैसे आगाऊ. आस मी टायटॅनियमचा लावीन.

लेथमास्तर
सिंहगडदादा, आधी वजन सांगा. सायकलचं नको, तुमचं.

गोंद्या_गोंदियाचा
एक बारकी शंका. इथल्या दुकानात माझं डावं पायडल खोलताना पोरानं उलट्या दिशेनं जोर लावून क्रँकचे आटेच खाऊन टाकले. नवीन क्रँक आणली. आता मी घरीच करीन म्हणतो, पण दिशा कधी लक्षात राहात नाही.

लेथमास्तर
15 चा पाना लावा, पाना आभाळाकडे उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना हेच, डावं-उजवं आठवायची गरज नाही. हललं नाही तर आदल्या रात्री आट्यांवर तेल सोडून ठेवा. बसवताना आट्यांना ग्रीस लावून पहिले चार-पाच फेरे बोटांनीच द्या. बोटांनी जात नसेल तर वाकडं चढतंय, काढून परत लावा. मग 35-40 न्यूटन-मीटर. टॉर्कचा पाना नसेल तर हातभर पान्यावर एका हाताचा जोर पुरे, वर उभं राहायचं नाही.